दुर्गम वस्तीला वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगात अजून सुमारे ७० कोटी लोकांच्या घरात वीज नाही. त्यातले बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत राहतात. बाकीचे बेटांवर, डोंगरांत, जंगलांत, नद्यांच्या मुखाशी विखुरलेले आहेत. अशा वस्त्यांसाठी काम करणारे आणि तिथे राहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उद्घाटनाच्या दिवशी दिवे लागतातच. दहाव्या वर्षी लागतील का, या कसोटीवर मी प्रत्येक उत्तर तपासलं आहे.

मुख्य जाळ्याची लाइनच वस्तीपर्यंत ओढणं सोपं नाही का?

काही ठिकाणी सोपं असतं, आणि तिथे तेच करावं. वस्ती उच्चदाब वाहिनीपासून दोन-चार किलोमीटरवर असेल, वाटेत दरी-नदी नसेल आणि पुढे वापर वाढण्यासारखा असेल, तर बाकीचे पर्याय तपासत बसण्यात वेळ घालवू नये.

अडचण अंतराची आहे, तशीच वापराचीही आहे. खांबांमध्ये ५०-५५ मीटर अंतर धरलं तर किलोमीटरला अठरा-वीस खांब लागतात. ते उभे करायचे, तारा ओढायच्या, झाडं छाटत राहायची, वादळानंतर पडलेले खांब परत उभे करायचे. या लाइनच्या टोकाला तीस घरं असतील आणि प्रत्येक घर दिवसाला अर्धा युनिट वापरत असेल, तर लाइनच्या देखभालीचासुद्धा खर्च निघत नाही. शिवाय लाइनच्या शेवटच्या टोकाला विजेचा दाब (व्होल्टेज) कमी मिळतो, आणि बिघाड झाला की वायरमन तिथे सगळ्यात शेवटी पोहोचतो. कागदावर वीज पोहोचलेली असते, पण संध्याकाळी सात वाजता ती घरात नसते.

तरी लाइन स्वस्तात टाकण्याच्या युक्त्या आहेत. न्यूझीलंडमध्ये लॉइड मँडेनो या अभियंत्याने १९२५ च्या सुमारास एकच तार वापरून परतीचा प्रवाह जमिनीतून नेण्याची पद्धत रूढ केली. ऑस्ट्रेलियात आज अशा एकतारी लाइन सुमारे दोन लाख किलोमीटर पसरलेल्या आहेत. तारा कमी, खांब कमी, त्यामुळे खर्चही कमी. मात्र अर्थिंग उत्तम लागतं, जमीन कोरडी खडकाळ असेल तर ते जमवणं कठीण जातं, आणि मोठ्या थ्री-फेज मोटारी त्यावर थेट चालत नाहीत.

कल उलटाही दिसतो आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात एकेका शेतघरासाठी टाकलेल्या लांबच लांब लाइन काही ठिकाणी काढून टाकून तिथे सौर पॅनेल, बॅटरी आणि राखीव जनित्र असा स्वतंत्र संच बसवला जातो आहे. वणव्यात आणि वादळात त्या तारा सांभाळण्यापेक्षा हे परवडतं, आणि ग्राहकाला वीजही जास्त खात्रीची मिळते.

वस्तीला वीज किती लागेल, हे कसं काढायचं?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे उत्तर लांबलं आहे.

जागतिक बँकेच्या ऊर्जा विभागाने २०१५ मध्ये वीजपुरवठ्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीला दिवसाला १२ वॉट-तास, म्हणजे एक दिवा आणि मोबाइल चार्जिंग. दुसरीला २०० वॉट-तास. तिसरीला १ युनिट, म्हणजे १,००० वॉट-तास, चौथीला ३.४ आणि पाचवीला ८.२ युनिट. या पायऱ्यांत वीज किती तास मिळते, संध्याकाळी मिळते का, किती वेळा जाते, दाब योग्य असतो का, हेही मोजलं जातं. तार आली की गाव विद्युतीकृत, असा हिशेब त्यामुळे राहत नाही. मला ही मांडणी पटते, कारण ती घरात बसलेल्या माणसाच्या बाजूने विचार करते.

आता एक हिशेब करून पाहू. साठ घरांची वस्ती आहे. प्रत्येक घरात ९ वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास लागतात: १८० वॉट-तास. ३० वॉटचा कमी विजेवर चालणारा पंखा आठ तास: २४०. छोटा टीव्ही ४० वॉट, तीन तास: १२०. मोबाइल वगैरे २०. एकूण ५६० वॉट-तास. साठ घरांचे झाले ३३-३४ युनिट. रस्त्यावरचे दिवे, शाळा, दवाखाना आणि पाण्याचा छोटा पंप धरून ४० युनिट. तारा, इन्व्हर्टर आणि बॅटरीतली घट भरून काढायला निर्मिती ५० युनिटच्या आसपास हवी. १ किलोवॉट पॅनेल चांगल्या उन्हाच्या प्रदेशात दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे १२-१३ किलोवॉट. ढगाळ महिने लक्षात घेतले तर १५-१६.

याच हिशेबात पंखा बदलून बघा. बाजारातला साधा छताचा पंखा ७५ वॉट घेतो. घरटी आठ तासांत ३६० वॉट-तास जास्त, साठ घरांत २१ युनिटपेक्षा जास्त. एका पंख्याच्या निवडीमुळे वस्तीची गरज दीडपट होते, आणि पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर सगळंच त्या प्रमाणात वाढतं. म्हणून मी आग्रहाने सांगतो: कमी वीज खाणारी उपकरणं हा प्रकल्पाचाच भाग समजा. घरोघरी चांगले पंखे आणि दिवे देऊन टाकणं हे तितकी जास्त पॅनेल बसवण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

पाहणी करताना "तुम्हाला काय काय हवंय?" असं विचारलं तर यादी लांब होते आणि संच अवाढव्य ठरतो. त्यापेक्षा आज रॉकेल, मेणबत्त्या, बॅटरीचे सेल आणि मोबाइल चार्जिंग यांवर घरात किती खर्च होतो ते विचारा. माणसं किती देऊ शकतील आणि प्रत्यक्षात काय वापरतील, याचा अंदाज त्यातून येतो. हा प्रश्न घरातल्या बाईलाही वेगळा विचारावा. पहाटे अंधारात उठून चूल पेटवणाऱ्या बाईला दिवा कुठे हवा, हे घरातल्या पुरुषाला ठाऊक असेलच असं नाही.

सौर, पाणी, वारा की डिझेल? उत्तम काय?

वस्तीजवळ बारमाही ओढा आणि पुरेसा उतार असेल, तर आधी पाण्याकडे बघा. हे सांगावं लागतं, कारण सौर पॅनेल स्वस्त झाल्यापासून ओढ्याकडे कुणी पाहतच नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला किती लिटर पाणी, किती मीटर उंचीवरून, याचा गुणाकार करून त्याला ९.८१ ने गुणलं की वॉट मिळतात. लहान संचात त्यातले निम्मे हाती लागतात असं धरावं. सेकंदाला २० लिटर पाणी ३० मीटरवरून आलं तर साधारण ३ किलोवॉट. आकडा किरकोळ वाटतो. पण ओढा रात्रीही वाहतो: चोवीस तासांत ७२ युनिट. तेवढी वीज सौर पॅनेलमधून काढायची तर १८ किलोवॉट पॅनेल आणि रात्रीसाठी मोठी बॅटरी लागेल. नेपाळमध्ये डोंगराळ वस्त्यांसाठी अशी हजारो लहान जलविद्युत केंद्रं उभी राहिली. पाण्याच्या झोतावर फिरणारं पेल्टन चाक आणि जनित्र एकत्र जोडलेला "पेल्ट्रिक सेट" तिथल्या कारखान्यांतच बनतो, त्यामुळे दुरुस्तीसाठी परदेशाकडे बघावं लागत नाही.

पाण्याचे त्रासही खरे आहेत. प्रवाह उन्हाळ्याच्या शेवटी मोजा, भर पावसात मोजलेला आकडा निरुपयोगी. ओढ्याच्या पाण्यावर शेतीचा हक्क कुणाचा, हे आधी मिटवा. पुरात बंधारा आणि पाइप वाहून जातात. गाळ आणि पाचोळा अडवणारी जाळी रोज कुणीतरी साफ करायला लागते.

सौरचं मोठं बळ म्हणजे ते जवळजवळ कुठेही चालतं, त्यात फिरणारा भाग नाही आणि हळूहळू वाढवता येतं. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, त्याच्या मागचं बाकी सगळं तेवढं टिकत नाही.

वारा फसवा आहे. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सरासरी वेग सेकंदाला ५ मीटरऐवजी ६ असेल तर ऊर्जा सुमारे १.७ पट होते, आणि उलटही तितकंच खरं. झाडांच्या किंवा टेकडीच्या आडोशाला लावलेली लहान पवनचक्की शोभेची वस्तू बनते. वर्षभर उंचावर वारा मोजल्याशिवाय त्यात पैसे घालू नयेत. मोकळ्या समुद्रकिनाऱ्यावर आणि उत्तरेकडच्या थंड प्रदेशात मात्र वारा अनमोल आहे, कारण तिथे हिवाळ्यात सूर्य जवळजवळ नसतो आणि वारा भरपूर असतो.

डिझेलबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

डिझेल जनित्र बंद करून पूर्णपणे नव्या ऊर्जेवर (सूर्य, पाणी, वारा) जाता येतं का?

येतं, पण शेवटचे दहा-पंधरा टक्के फार महाग पडतात.

डिझेलचं आकर्षण समजण्यासारखं आहे: सुरुवातीचा खर्च कमी, हवं तेव्हा सुरू, दुरुस्त करणारा मेकॅनिक बहुतेक ठिकाणी सापडतो. एक लिटर डिझेलमधून तीन ते साडेतीन युनिट मिळतात. पण ते डिझेल बोटीने, विमानाने किंवा बर्फावरच्या रस्त्याने आणावं लागतं. कॅनडाच्या उत्तरेकडे आणि अलास्कात अशा शेकडो वस्त्या आहेत. तिथे हंगामात एकदाच पिंपं भरून ठेवायची आणि वर्षभर पुरवायची. अलास्कात सरकार १९८० च्या दशकापासून ग्रामीण वीजदरात सवलतीचा वाटा उचलतं, नाहीतर त्या दराने वीज वापरणं सामान्य कुटुंबाला शक्यच नव्हतं.

जनित्र फार कमी भारावर चालवणंही वाईट. क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या खाली बराच काळ चाललं की इंधन नीट जळत नाही, काजळी आणि न जळलेलं तेल आत साचतं, यंत्राचं आयुष्य घटतं. वस्तीतल्या एखाद्या सणासुदीच्या रात्रीचा विचार करून मोठं जनित्र घेतलेलं असतं आणि वर्षातल्या बाकी रात्री ते रिकाम्यासारखं चालतं. दोन लहान जनित्रं घेणं शहाणपणाचं.

बेटांचे अनुभव इथे उपयोगी पडतात. स्कॉटलंडमधल्या एग बेटावर सुमारे शंभर माणसं राहतात. २००८ मध्ये त्यांनी पाणी, वारा आणि सूर्य यांचं एकत्र जाळं उभं केलं. बेटाची बहुतेक वीज आता त्यातून येते, डिझेल राखीव असतं. अमेरिकन सामोआतल्या ताऊ बेटावर २०१६ मध्ये १.४ मेगावॉट पॅनेल आणि ६ मेगावॉट-तासांची बॅटरी बसली, तेव्हापासून तिथे दिवसरात्र मुख्यतः उन्हावर काम चालतं. स्पेनच्या एल हिएरो बेटावर २०१४ पासून पवनचक्क्या जादा विजेवर पाणी वर चढवतात. वरचा जलाशय एका ज्वालामुखीच्या विवरात आहे, आणि वारा पडला की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. २०१९ च्या उन्हाळ्यात ते बेट सलग तीन आठवड्यांहून अधिक काळ डिझेलशिवाय चाललं. तरी वर्षभराचा हिशेब केला की नव्या ऊर्जेचा वाटा निम्म्याच्या आसपास येतो.

हे अपयश नाही. बोटीने येणारं निम्मं डिझेल वाचणं ही मोठी गोष्ट आहे. आधी ऐंशी टक्के गाठा, जनित्र जपून ठेवा, आणि शंभरचा हट्ट मागाहून धरा.

घरोघरी सुटे सौर संच द्यावेत की वस्तीचं एक जाळं करावं?

घरं एकमेकांपासून लांब विखुरलेली असतील तर सुटे संच. बांगलादेशात २००३ नंतर हप्त्यांवर चाळीस लाखांहून अधिक घरगुती संच बसले. हप्ता गोळा करणारा माणूस संच तपासूनही जायचा, म्हणून तो कार्यक्रम इतका पसरला.

घरं जवळजवळ असतील आणि गिरणी, पंप, शीतगृह, वेल्डिंग यांसारखं काही चालवायचं असेल तर जाळं. सगळी घरं एकाच क्षणी सगळं वापरत नाहीत, त्यामुळे एकत्र जाळ्याला एकूण क्षमता कमी लागते. उलट बाजूही आहे: सुट्या संचात एकाचा बिघाड एकाच घराला भोवतो, जाळ्यात अख्खी वस्ती अंधारात जाते.

एसी (दिशा बदलत राहणारी) वीज द्यावी की डीसी (एकाच दिशेने वाहणारी)?

नुसते दिवे, चार्जर आणि लहान पंखे असतील आणि तारा वीस-तीस मीटरच्या आत असतील तर डीसी छान. त्यापुढे एसी. कारण साधं आहे: ६० वॉटसाठी १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, २३० व्होल्टवर पाव अँपिअर. तारेतली घट प्रवाहाच्या वर्गाने वाढते. शिवाय २३० व्होल्टवर चालणारी उपकरणं कुठल्याही बाजारात मिळतात.

तारा किती लांबवर नेता येतात?

२३० व्होल्टच्या सिंगल-फेज लाइनवर ५ किलोवॉट घेतले तर सुमारे २२ अँपिअर प्रवाह वाहतो. ५० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार असेल तर एक किलोमीटरवर, जाऊन-येऊन, जवळजवळ २८ व्होल्ट वाटेतच जातात. टोकाच्या घरात दिवा मंद आणि मोटार गरम. तीच वीज ११ हजार व्होल्टवर नेली तर घट नगण्य, पण मग दोन्हीकडे रोहित्र आलं. व्यवहारात लघुदाब लाइन अर्धा किलोमीटरपर्यंत ठेवावी, थ्री-फेज असेल तर थोडी पुढे. वीजकेंद्र वस्तीच्या एका टोकाला मोकळी जागा मिळाली म्हणून उभारू नका. ते भाराच्या मध्याजवळ हवं.

बॅटरी किती वर्षं टिकते?

लेड-ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षं, तीही नीट सांभाळली तर. ती रोज निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, पाण्याची पातळी पाहावी, हवेशीर जागी ठेवावी. तापमान २५ अंशांच्या वर दर दहा अंशांनी तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी दोन वर्षांत का मेली, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८०-९० टक्क्यांपर्यंत उतरवली तरी हजारो चक्रं चालते. सुरुवातीचा खर्च जास्त, पण दर युनिटमागे हिशेब केला की बहुतेक ठिकाणी तीच स्वस्त ठरते. दोन पथ्यं: शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, आणि तिचं नियंत्रण करणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट इन्व्हर्टरशी जुळणारं हवं.

जुन्या बॅटऱ्या कुठे जाणार, हे खरेदीच्या आधी ठरवा. उघड्यावर शिसं वितळवून विकणं हा मुलांच्या मेंदूवर थेट घाला आहे. जुनी बॅटरी परत दिल्याशिवाय नवी मिळणार नाही, ही अट करारातच घाला.

वीज सुरक्षित आहे ना? छोटं जाळं आहे, फार काय होणार?

छोट्या जाळ्यातला २३० व्होल्टचा धक्का शहरातल्या धक्क्याइतकाच जीवघेणा असतो.

यात एक गोष्ट अनुभवी वायरमनच्याही लक्षात येत नाही. मोठ्या जाळ्यात शॉर्टसर्किट झालं की प्रचंड प्रवाह वाहतो आणि एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की वीज तोडणारा स्विच, क्षणात पडते. बॅटरी-इन्व्हर्टरवरच्या जाळ्यात तेवढा प्रवाह द्यायला कुणी नसतंच. इन्व्हर्टर थोडा वेळ दीडपट-दुप्पट देतो आणि मग स्वतःच बंद होतो. एमसीबीला पटकन पडायला पाच-दहा पट प्रवाह लागतो, म्हणून ती पडत नाही. दोष कुठल्या घरात आहे ते कळत नाही, सगळी वस्ती बंद पडते, पुन्हा चालू केली की पुन्हा बंद. म्हणून प्रत्येक घराला लहान क्षमतेची एमसीबी, अर्थ-गळती ओळखणारं ब्रेकर आणि वेगवेगळे फीडर (वस्तीच्या एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या) हवेत. अर्थिंगची रचना इन्व्हर्टर चालू असतानाही आणि जनित्र चालू असतानाही बरोबर राहते का, हे मोजून बघावं.

वीज कोसळण्याचा धोका डोंगरमाथ्यावर आणि मोकळ्या रानात जास्त. पॅनेलकडून येणाऱ्या डीसी तारांवर आणि लाइनवर सर्ज-रोधक, म्हणजे दाबाची अचानक उसळी अडवणारं उपकरण, बसवा. त्याची किंमत इन्व्हर्टरपुढे काहीच नाही.

गिरणीची मोटार सुरू केली की अख्खी वस्ती बंद पडते. काय करावं?

मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. इन्व्हर्टरला ते झेपत नाही. मोटारीला सॉफ्ट स्टार्टर (तिला हळूहळू वेग देणारं उपकरण) किंवा वेग बदलणारा ड्राइव्ह बसवा, मोठी मोटार पट्टा सैल ठेवून सुरू करा, आणि दोन मोटारी एका वेळी सुरू होणार नाहीत अशी व्यवस्था करा.

पण गिरणी बंद करू नका. गिरणी, पंप, शिलाई, सुतारकाम हीच या जाळ्याची कमाई आहे. घरांचा वापर संध्याकाळी चार तासांत एकवटलेला असतो आणि दुपारी पॅनेलची वीज वाया जाते. दुपारी चालणारं प्रत्येक यंत्र बॅटरीला न शिवता वीज वापरतं, म्हणजे ती वीज केंद्राला सगळ्यात स्वस्त पडते. दुपारचा दर कमी ठेवला की गिरणीवाला आपोआप दुपारी दळतो. पाण्याची टाकी दुपारी भरून ठेवली, तर ती एक प्रकारची बॅटरीच झाली. ओढ्यावरच्या केंद्रात तर जादा वीज कुठेतरी जिरवावीच लागते, नाहीतर चाकाचा वेग भलताच वाढतो. एग बेटावर अशी जादा वीज सार्वजनिक इमारती गरम करायला वापरतात.

पैसे कसे आकारायचे? फुकट दिली तर काय बिघडतं?

फुकट दिली तर बॅटरी बदलण्याची वेळ येते त्या दिवशी तिजोरी रिकामी असते. गरीब घराला मदत जरूर करावी, ती जोडणीच्या खर्चात किंवा पहिल्या काही युनिटमध्ये करावी. चालवण्याचा खर्च मात्र वापरातून निघालाच पाहिजे.

लहान जलविद्युत केंद्रात युनिट मोजण्याची गरजच नसते, कारण पाणी वाहतच असतं. तिथे प्रत्येक घराला ठरावीक वॉटची मर्यादा आणि महिन्याला ठरावीक रक्कम पुरते. बॅटरीच्या जाळ्यात प्रत्येक युनिट मोलाचा, तिथे प्रीपेड मीटर हवा. थकबाकी, वसुली, भांडणं हा सगळा व्याप त्यामुळे टळतो. आणि मजुरी मिळाली त्या दिवशी थोडं थोडं भरण्याची सोय हवी, कारण अशा वस्त्यांत महिन्याचा पगार घेणारी माणसं फार थोडी असतात.

सगळ्यांवर सारखी मर्यादा असण्याचा फायदा एग बेटाने दाखवला आहे. प्रत्येक घराला एका वेळी जास्तीत जास्त ५ किलोवॉट, व्यवसायाला १०. नियम सर्वांना सारखा, कारण जाळं सर्वांचं. पैसेवाल्या घराने दोन मोठे हीटर लावून शेजाऱ्याचा दिवा घालवायचा, हे तिथे घडू शकत नाही.

हे सगळं चालवणार कोण?

सहकारी संस्था, खासगी कंपनी, वीजमंडळ, ग्रामसमिती, यांपैकी काहीही चालू शकतं. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दहातल्या एकाच शेतघरात वीज होती. १९३६ च्या कायद्यानंतर शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या, सरकारी कर्ज घेतलं आणि स्वतः खांब उभे केले. त्यातल्या अनेक संस्था आजही वीज पुरवतात.

माझं मत विचाराल तर रोजचं काम गावातल्या पगारी माणसाने करावं आणि अवघड दुरुस्ती बाहेरच्या कंपनीने, लेखी मुदतीसह. समितीने दर ठरवावा आणि हिशेब फळ्यावर लावावा. स्वयंसेवकावर वीजकेंद्र चालत नाही. पहिलं वर्ष तो उत्साहाने येतो, मग शेतीची कामं लागतात, लग्न होतं, शहरात नोकरी मिळते. म्हणून दोन माणसं शिकवा, त्यातली एक बाई असू द्या. ती गावात टिकण्याची शक्यता अनेक ठिकाणी जास्त असते. वीजकेंद्र चालवणाऱ्याला पगार कमी पडला तर बॅटरीतलं पाणी बघण्याचं काम सगळ्यात आधी राहून जातं.

दवाखान्याची वीज या जाळ्यावरच ठेवावी का?

दिवे आणि पंखे ठेवा. लसींचा फ्रीज आणि बाळंतपणाच्या खोलीतला दिवा यांची सोय वेगळी करा. लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. पॅनेलवर थेट चालणारे फ्रीज आता मिळतात. ते दिवसा आतल्या आत बर्फ साठवतात आणि रात्री, ढगाळ दिवशीही थंडावा टिकवतात. त्यांना बॅटरीच लागत नाही, म्हणजे बिघडण्याची सगळ्यात मोठी जागाच नाहीशी होते.

पाच वर्षांनी मुख्य लाइन आली तर?

हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायला हवा.

बिहारमधल्या धरनई गावात २०१४ मध्ये ग्रीनपीसच्या पुढाकाराने १०० किलोवॉटचं सौर जाळं उभं राहिलं. गावकऱ्यांनी त्याच सुमारास "असली बिजली" मागितली, म्हणजे फ्रीज आणि मोठी यंत्रं चालतील अशी, आणि मुख्य लाइन लवकरच आली. ती वीज स्वस्त होती. सौर जाळं पुढे वापरातून गेलं आणि बंद पडलं. गावकऱ्यांना दोष देता येणार नाही. त्यांना मर्यादेशिवाय आणि कमी दरात वीज हवी होती, ती मागणी रास्तच होती. श्रीलंकेतही गावोगावच्या लहान जलविद्युत केंद्रांपैकी बरीच, लाइन आल्यावर सोडून दिली गेली, त्यांची चाकं चांगली असूनही.

कंबोडियात वेगळं घडलं. तिथल्या अनेक खासगी लहान जाळ्यांनी लाइन आल्यावर स्वतःची जनित्रं बंद केली, मुख्य जाळ्याकडून घाऊक वीज घेतली आणि आपल्याच तारांवरून गावाला पुरवली. नियामक यंत्रणेने परवान्यांची सोय केली होती म्हणून ते जमलं. यातून व्यवहाराचे धडे दोन: खांब, तारा आणि मीटर सुरुवातीपासूनच मुख्य जाळ्याच्या मानकांप्रमाणे उभारा, म्हणजे ते पुढे भंगारात जाणार नाहीत. आणि लाइन आली तर केंद्राची वीज कुणी, कुठल्या दराने विकत घ्यायची, हे परवान्यात लिहून घ्या. इन्व्हर्टरही मुख्य जाळ्याला जोडता येईल असाच घ्यावा.

संच बंद पडण्याची नेहमीची कारणं काय?

तंत्रज्ञान क्वचितच. एखादा वीस मिनिटांत बदलता येणारा भाग तीन महिने मिळत नाही. कुणाचा तरी आकडा टाकलेला असतो आणि कुणी बोलत नाही. वापर वाढतो, बॅटरी रोज तळाला जाते, वर्षभरात ती संपते. पॅनेलवर धूळ आणि झाडाची सावली येते, कारण लावताना झाड लहान होतं. देणगीदार पैसे उभारणीला देतो, देखभालीला देत नाही.

ताबा घेताना कंत्राटदाराकडून काय काय मागून घ्यावं?

जोडणीचा नकाशा, जसा कागदावर ठरला होता तसा नव्हे, जसा प्रत्यक्षात झाला तसा. अर्थिंगचे मोजलेले आकडे. पूर्ण भारावर, संध्याकाळच्या वेळी, टोकाच्या घरात मोजलेला दाब. फ्यूज, एमसीबी, सर्ज-रोधक, एक चार्ज कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा) आणि जलकेंद्र असेल तर बेअरिंग, असे सुटे भाग गावातल्याच कपाटात. स्थानिक भाषेतलं, चित्रं असलेलं माहितीपत्रक, जे ऑपरेटरने स्वतः वाचून दाखवलं आहे. हमीची मुदत आणि दुरुस्तीला किती दिवसांत माणूस येईल हे लेखी, न आल्यास दंडासह. शेवटच्या हप्त्यातली काही रक्कम एक पावसाळा पार पडेपर्यंत रोखून ठेवा. आणि इन्व्हर्टर व मीटरच्या सॉफ्टवेअरचे सगळे पासवर्ड लिहून घ्या, ते ऑपरेटरकडून टाकून तपासा. कंत्राटदार कंपनी उद्या बंद झाली, तर त्या पासवर्डशिवाय मीटरमध्ये नवा दरही भरता येत नाही.